जनुभाऊ चुरी आणि बोंबलांची पाटी

जनुभाऊ चुरींना बुद्धिबळात हरवायचा एकच खात्रीचा उपाय होता. आपण आधी भरपूर हरत जायचं. वजीर घालवायचा, हत्ती घालवायचे, राजाला एका कोपऱ्यात नेऊन उभा करायचा. मग समोर जनुभाऊंचे डोळे लकाकू लागत. आता कुठल्याही मोहऱ्याने मात होणार असे, पण त्यांना तशी मात नको असे. त्यांना प्याद्याने मात करायची असे. जुन्या देशी पद्धतीने जे बुद्धिबळ खेळले आहेत त्यांना ठाऊक असेल, वजिराने केली ती साधी मात आणि प्याद्याने केली ती मानाची मात. त्या मानासाठी जनुभाऊ हातातला डाव अडवून धरत, फुंकर मारून मारून एक प्यादं पुढे सरकवत, आणि तेवढ्या अवधीत माझा एखादा विसरलेला घोडा उडी मारून त्यांच्याच राजाला आणि हत्तीला एकदम धरत असे. असे डाव मी पुष्कळ जिंकलो.

"हरलात की हो जनुभाऊ," मी म्हणे.

"डाव हरलो. खेळ माझाच चांगला होता," ते म्हणत आणि पट गुंडाळत. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख सोडाच, उलट माझ्याबद्दलची थोडी कीवच असे.

मी सफाळ्याचा. साठ सालच्या सुमारास सनद घेऊन पालघरच्या तालुका कोर्टात आलो तेव्हा तिथे आम्ही वकील मोजकेच होतो. बार रूम म्हणजे कोर्टाच्या पाठीमागची एक कौलारू खोली, एक पाय डुगडुगणारं लांबलचक टेबल, आणि पाण्याचा माठ. जनुभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मूळचे केळव्याचे, पानवेलींच्या वाडीतले. वाडी धाकटा भाऊ बघे आणि हे पालघरला दोन खोल्या घेऊन वकिली करत. उंच, जरा पोक काढून चालणारे. काळ्या कोटाची तीन बटणं काळी आणि एक तपकिरी. ते तपकिरी बटण वहिनींनी काळं मिळेपर्यंत म्हणून लावलं होतं. काळं कधी मिळालं नाही, कारण ते शोधायला कोणी गेलंच नाही. कोटाच्या एका खिशात ओल्या फडक्यात घरची पानं आणि दुसऱ्यात बुद्धिबळाचा कापडी पट. एक प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी सुपारी होती. सुपारीने मात झाली तर त्या दिवशी सगळ्या बार रूमचा चहा त्यांच्याकडून.

वकील म्हणून ते कसे होते, असं मला कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. पालघर कोर्टात त्यांच्याइतका कायदा वाचलेला माणूस नव्हता. आणि त्यांच्याइतके हातातले दावे घालवणाराही नव्हता. घरातल्या दोनपैकी एक खोली निवाड्यांच्या जाड खंडांनी भरलेली. वहिनींचा स्वयंपाक, वावर, पाहुणे, सगळं उरलेल्या खोलीत. एकदा मी वहिनींना चेष्टेने म्हटलं, "या पुस्तकांना भाडं लावा." तर म्हणाल्या, "त्यांना कोण बाहेर काढणार? त्यांचा मालकीहक्क माझ्या आधीचा आहे." जनुभाऊ आतून ओरडले, "बरोबर आहे! लग्नाआधीची पुस्तकं आहेत ती."

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली माणसं बसलेली असत. मनोरकडची, डोंगरातल्या पाड्यांवरची, किनाऱ्याकडची. पुकारा होईपर्यंत काम काहीच नाही. जनुभाऊ त्यांच्यात जाऊन बसत आणि गाजलेले खटले सांगत. मुंबईत त्या वेळी एका नौदलाच्या अधिकाऱ्याच्या खटल्याची फार चर्चा झाली होती, तो तर लोक पुन्हा पुन्हा मागून घेत. पण त्यांचा स्वतःचा लाडका खटला निराळा. विलायतेत एका बाईने पेयाची बाटली घेतली, थोडं प्यायली आणि उरलेलं ओतताना बाटलीतून कुजकी गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली. बाटली तिने स्वतः विकतही घेतली नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिली होती. मग कारखानदारावर दावा लावायचा तिला हक्क काय? असा तो खटला. जनुभाऊ बाटली ओतल्याचा अभिनय करत, गोगलगाय बाहेर पडताना तोंडाने आवाज काढत.

मनोरकडचा एक म्हातारा एकदा फार लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "आमच्या माठान बेडूक निंगाला व्हता सायेब. आमी कोनावर दावा लावायचा?"

"माठ कोणाचा?"

"आमचाच हाय."

"भरला कोणी?"

"माज्या बायकोनं."

"मग गप्प बस," जनुभाऊ म्हणाले, आणि सगळी चिंच हसली.

पण गोष्ट संपली की ते मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणत, "त्या एका बाटलीवर आज अर्ध्या जगाचा कायदा उभा आहे, माहीत आहे? आणि ते गाव काही लंडन नव्हे. आपल्यासारखंच असेल कुठलंतरी लहानसं. मग पालघर का नको?" त्यांना एवढंच हवं होतं. पैसा नको, नाव नको. आपल्या या कौलारू कोर्टातून निघालेला एक तरी खटला त्या जाड खंडांत छापून यावा आणि मुंबईच्या लॉ कॉलेजातल्या पोरांनी तो पाठ करावा. मी हसायचो. मला तेव्हा तो छंद वाटे, टेनिससारखाच.

टेनिसचं सांगायचं राहिलंच. जनुभाऊंनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नव्हती. तो खेळ त्यांना फक्त कानांनी माहीत होता. जून महिना संपत आला की संध्याकाळी त्यांच्या रेडिओला कान लावून बसायचं, विंबल्डनचं खरखरतं वर्णन ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये आम्हाला ते साभिनय सांगायचं. पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो तिथे नसलेल्या खेळाडूंत. त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्यांना त्या स्पर्धेत मज्जाव होता. उत्तमोत्तम खेळाडू धंदेवाईक झाले म्हणून बाहेर. जनुभाऊंना हा अन्याय सहन होत नसे. त्यांनी त्या लोकांचं वकीलपत्रच घेतलं होतं म्हणा ना. "मी पैसे घेऊन भांडतो म्हणून मला कोर्टात यायला बंदी आहे का? डॉक्टर पैसे घेतो म्हणून त्याने नाडी बघायची नाही का?" हा युक्तिवाद ते कोणाहीपुढे करत. एकदा उलटतपासणीच्या ओघात साक्षीदारालाही विचारून बसले होते. न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर चुरी, हा दावा बांधाचा आहे."

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा परदेशी इंजिनिअरांची एक वसाहत तिकडे झाली होती. एका मुकादमाच्या प्रतिज्ञापत्रासाठी आम्ही दोघे बोईसरला उतरून तिकडे गेलो होतो. काम उरकून परतताना जनुभाऊ एकदम थबकले. जाळीच्या पलीकडे दोन गोरे टेनिस खेळत होते. ज्या गोष्टीचं इतकी वर्षं वर्णन केलं ती त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. जाळीत बोटं अडकवून ते लहान मुलासारखे उभे राहिले. थोड्या वेळाने एका चेंडूवरून त्या दोघांत वाद झाला, आणि जनुभाऊंनी बाहेरून खणखणीत इंग्रजीत निकाल दिला. तो इतका ठाम होता की त्या भल्या माणसांनी त्यांना आत बोलावून स्टुलावर पंच म्हणून बसवलं.

मग काय विचारता. प्रत्येक चेंडूवर निकाल आणि प्रत्येक निकालाला कारणं. रेषेवर पडलेल्या चेंडूला संशयाचा फायदा कोणी द्यायचा यावर त्यांनी एक लहानसं भाषण केलं. सूर्य बुडाला तरी एक सेट पुरा होईना. शेवटी त्यांतल्या एकाने हसत हसत त्यांच्या हातात रॅकेट दिली आणि एक चेंडू हळूच टाकला. जनुभाऊंनी कोटासकट जोरात हात फिरवला. चेंडू मागे गेला, रॅकेट पुढे गेली. ते फार लाजले. परतीच्या गाडीत म्हणाले, "तत्त्व मला ठाऊक आहे हो. हात माझे ऐकत नाहीत." तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

हिराबाई तरे ही सातपाटीची कोळीण आमच्या बार रूममध्ये आली ती याच सुमारास. चाळिशीची बाई, नवरा समुद्रात गेलेला, दोन मुलं, आणि किनाऱ्यालगत बोंबील सुकवायची एक जागा. बांबूच्या मांडण्या उभ्या करून त्यांवर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून, टांगायच्या आणि वाळले की काढायच्या, हा तिचा धंदा. तिच्या सासूचाही तोच आणि सासूच्या सासूचाही. जागा कागदोपत्री एका जुन्या जमीनदाराच्या नावावर होती. किनाऱ्याकडच्या जागांना भाव येणार असं दिसू लागलं तसं त्याच्या वारसांनी ती मुंबईच्या एका शेठला विकून टाकली. शेठने हिराबाईला जागा खाली करायची नोटीस दिली आणि मागोमाग दावा लावला.

आता या दाव्यातली गोम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी हिराबाईच्या घरून त्या जमीनदाराकडे वाळक्या बोंबलांची एक पाटी जात असे. शेठचं म्हणणं, ही पाटी म्हणजे जागेचं भाडं. हिराबाई भाडेकरू, तिला नोटीस दिली, भाडेपट्टा संपला, जागा सोडा. पण भाडेकरूला नोटीस द्यायची तर महिना संपेल तिथपर्यंतची मुदत द्यावी लागते, आणि शेठच्या वकिलांनी घाईत ती महिन्याच्या मध्येच संपवून टाकली होती. म्हणजे कैफियतीत, आपल्या लेखी उत्तरात, एक ओळ लिहायची, "नोटीस सदोष आहे", की दावा उडाला. शेठ पुन्हा नोटीस देईल, पुन्हा दावा लावेल, तोवर बाईची पोरं हाताशी येतील. आमच्या धंद्यात असे दिवस मिळवणं हेच पुष्कळ वेळा जिंकणं असतं.

जनुभाऊंना ही चूक पहिल्याच वाचनात दिसली. त्यांनीच मला दाखवली.

"मग झालंच की," मी म्हणालो.

"काही झालं नाही. नोटीस सदोष म्हणायचं तर आधी भाडेकरू आहे हे कबूल करावं लागेल. म्हणजे ती पाटी भाड्याची ठरली. ती भाड्याची नाही हो! मी बाईला विचारलं. ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, 'ते आमच्या घरच्या लगनाला येयाचे, आमी तेंच्याकडं पाटी नेयाचो. भाडं कसलं?' कळतंय का तुम्हाला? ही रूढी आहे. कोळ्यांनी किनाऱ्यावर मासळी सुकवायची हा जुना हक्क आहे, जमीन कोणाच्याही नावावर असो. हा मुद्दा एकदा ठरला की एकटी हिराबाई नाही, वसईपासून डहाणूपर्यंतची प्रत्येक कोळीण कायमची सुटेल."

"पर्यायाने दोन्ही घ्या ना. आधी रूढी, ती नाही मानली तर नोटीस. कायद्याने मुभा आहे."

"मुभा आहे. पण दोन्ही लिहिलं की न्यायाधीश सोपं असेल तेच उचलतो. नोटिशीवर दावा काढून टाकेल आणि मोठा प्रश्न तसाच राहील." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लकाकत होते. ती लकाकी मला पटावरून चांगली ओळखीची होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. मी वाद घातला. दोन दिवस घातला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कैफियत दाखल केली. नोटिशीचा त्यात शब्द नव्हता.

हिराबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती दर तारखेला सातपाटीहून येई, चिंचेखाली बसून पुकाऱ्याची वाट बघे. जनुभाऊंवर तिचा पुरा भरवसा. तिच्या साक्षीच्या दिवशी जनुभाऊंनी जे काम केलं तसं मी पालघर कोर्टात नंतर कधी पाहिलं नाही. पाटी कोण नेई, घरात कोण घेई, रिकाम्या पाटीतून परत काय येई, असं एकेक करून त्यांनी विचारलं.

"परत काय येयाचं? नारल येयाचा. पोरांना खाऊ येयाचा," हिराबाई म्हणाली. "एक साल आमची मासली नाय झाली, पाटी नाय गेली. तरी नारल आला."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता हात थांबवला होता. मलाही वाटून गेलं, हा माणूस बहुधा जिंकणार.

निकाल विरुद्ध गेला. रूढी शाबीत व्हायला हवी तशी झाली नाही, बाकीच्या गावाची साक्ष पुरेशी नाही, पाटी हे भाडंच धरावं लागतं, आणि नोटिशीबद्दल प्रतिवादीची काही तक्रारच नाही. सबब जागा द्यावी. हिराबाईने जनुभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "घाबरू नका. अपील आहे." तिने मान डोलावली आणि बस पकडायला गेली. तिला खरोखरच भीती वाटली नव्हती.

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातही तेच झालं; अपील चालू तोवर जागा तिच्याकडे राहिली एवढंच. मग हायकोर्ट. ते प्रकरण तिकडे पडून होतं तेव्हा, अडुसष्ट साली, बातमी आली की विंबल्डनने धंदेवाईक खेळाडूंना दरवाजे उघडले. जनुभाऊ पेढे घेऊन बार रूममध्ये आले. "आपलं अपील मंजूर!" न्यायाधीशांच्या दालनात पेढा, शिरस्तेदारांना पेढा, बाहेर चिंचेखाली बसलेल्यांना पेढा. योगायोगाने हिराबाई तिच्या दाव्याचं काय झालं ते विचारायला त्याच दिवशी आली होती. तिला वाटलं पेढा तिच्याच निकालाचा. पेढा हातात घेऊन तिने जनुभाऊंना नमस्कार केला. तिला खरं काय ते सांगताना त्यांची झालेली तारांबळ मी पाहिली आहे. "हा वेगळा निकाल आहे हिराबाई, वेगळा. पण आपलाही असाच येणार." तिने पेढा न खाता पदराला बांधला.

आपला तसा आला नाही. हायकोर्टात हिराबाईच्या बाजूने मुंबईचे मोठे वकील उभे राहिले होते आणि जनुभाऊ त्यांच्या मागे बसले होते. तिथल्या न्यायमूर्तींनी कागद चाळले आणि सरळ विचारलं, नोटीस तर उघड उघड चुकीची दिसते, खाली हा मुद्दा का घेतला नाही? घेतला असता तर दावा पहिल्याच दिवशी निकालात निघाला असता. आता इथे घेता येणार नाही. रूढीच्या प्रश्नात त्यांना शिरावंसंही वाटलं नाही. अपील फेटाळलं. छापून येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हे मला जनुभाऊंनी पालघर स्टेशनवर, गाडीतून उतरल्या उतरल्या, उभ्या उभ्या सांगितलं. आवाज अगदी साधा होता. "त्यांनी विचारलं, का घेतला नाही. आमच्या वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं." मी त्यांची पिशवी हातात घेतली. त्यांनी ती मला घेऊ दिली, आणि तेच मला फार लागलं. एरवी ते कोणाला पिशवी घेऊ देत नसत.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम पट मांडला. बरेच दिवस खेळलो नव्हतो. नेहमीसारखा मी हरत गेलो, राजा कोपऱ्यात नेला. जनुभाऊंनी वजीर उचलला, एका खेळीत मला मात केली आणि मोहरी आवरायला घेतली. फुंकर नाही, हसणं नाही. मला त्या क्षणी रडू यायचं बाकी होतं. इतकी वर्षं ज्या सवयीची मी टिंगल केली ती त्यांनी पुन्हा करावी म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

कोर्टातही तसंच झालं. ते नोटिशी तपासू लागले, मुदती मोजू लागले, दावे जिंकू लागले. लोक म्हणू लागले, चुरी वकील आता शहाणे झाले. चिंचेखाली मात्र ते बसेनासे झाले. कोणी गोगलगायीची गोष्ट मागितली तर "नंतर" म्हणत. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "पुस्तकांच्या खोलीचं दार बंद असतं हो दिवसभर. मला जागा मोकळी झाली म्हणायची." आणि डोळ्यांना पदर लावला.

पुढे ते पालघर सोडून केळव्याला वाडीत गेले आणि तिथेच थोड्या वर्षांनी वारले, हे सगळं मी ऐकलेलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सातपाटीला; त्यानंतर ते बार रूममध्ये आलेच नाहीत.

शेठने निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त लावून जागेचा कब्जा मागितला होता. कोर्टाचा बेलिफ जायचा त्या दिवशी सकाळी जनुभाऊ मला म्हणाले, "येता का? एकट्याने जाववत नाही." वास्तविक वकिलाचं तिथे काही काम नसतं. आम्ही एसटीने गेलो. हंगाम भरात होता. मांडण्या बोंबलांनी भरलेल्या, काही अजून ओलसर. बेलिफ भला माणूस होता, त्याने दुपारपर्यंत सवड दिली होती. शेजारपाजारच्या बायका मिळून जोड्या उतरवत होत्या, पाट्या भरत होत्या. ओले बोंबील आता कुठे सुकवायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रडारड काही नव्हती. सगळ्या भराभर कामं करत होत्या.

हिराबाईने आम्हाला पाहिलं. "दादा, तुमी कशाला आलात उन्हान?" ती म्हणाली आणि मुलाला पाणी आणायला पिटाळलं.

जनुभाऊंनी पाणी घेतलं नाही. "हिराबाई, मला एक सांगायचंय," ते म्हणाले. मी त्यांचा कोट मागून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. "शेठची नोटीस चुकीची होती. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेवढी एक ओळ मी लिहिली असती तर दावा उडाला असता. आज ही जागा तुमच्याकडे असती."

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. हिराबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. इतकी वर्षं तिला कोणी हे सांगितलं नव्हतं.

"मंग लिवली का नाय?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच कळून घ्यायचं असावं तसं.

"मला वाटलं, त्याहून मोठा न्याय मिळेल."

"कोनाला, दादा?"

एवढं विचारून हिराबाई वळून कामाला लागली. मांडणीचा एक लांब बांबू सुटून आला, त्याचं दुसरं टोक जनुभाऊंनी पुढे होऊन धरलं. कोट अंगात तसाच. तिने मागे पाहिलं, आणि चालत येऊन त्यांच्या हातांतून ते टोक हलकेच काढून घेतलं.

"र्‍हाऊंदे," ती म्हणाली. "ह्ये आमचं हाय. आमी करू."

मला दुपारी पालघरला एका जामिनाचं काम होतं. एसटी आली तशी मी जनुभाऊंना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, येणार नाही अशी. कंडक्टरने विचारलं, "त्या साहेबांचं काय?" आणि मी काही बोलायच्या आत घंटा मारली. मी मागच्या खिडकीशी गेलो. बायका मांडण्या उतरवत होत्या, पोरं पाट्या डोक्यावर घेऊन घरांकडे चालली होती, आणि जनुभाऊ त्या सगळ्यांच्या मध्ये रिकाम्या हातांनी उभे होते, कोणीतरी आपल्याला काही काम सांगेल याची वाट बघत.